टाकून दिलेल्या जमिनींवरचे रान : अँकरेजच्या पायवाटांचा इतिहास

अलास्कातील अँकरेज हे शहर ६१ अंश उत्तर अक्षांशावर, कुक इनलेट या गढूळ पाण्याच्या लांबट खाडीच्या आतल्या टोकाशी आणि चुगॅच पर्वतरांगेच्या पायथ्याला वसलेले असून, २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २,९१,२४७ आहे. याच शहराच्या हद्दीत मूस, तपकिरी आणि काळी अस्वले, बीव्हर, पांढऱ्या डोक्याचे गरुड आणि ओढ्यांतून चढणारे सॅमन मासे नियमाने दिसतात, आणि ते पाहण्यासाठी कोणत्याही मोहिमेची तयारी करावी लागत नाही. नगरपालिकेने आखलेल्या वाटांवरून चालत वा सायकलने गेले तरी पुरते. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांतून या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण साधारणपणे असे दिले जाते की, शहर मुळात रानातच वसले आणि त्याने रानाचा काही भाग शहाणपणाने शिल्लक ठेवला. या वाटांचा इतिहास तपासला असता मात्र हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. ज्या जागांवर आज वन्यजीव सर्वांत सहज दिसतात, त्यांपैकी बहुतेक जागा कोणी राखून ठेवलेल्या नव्हत्या. रेल्वेने, लष्कराने किंवा भूकंपाने त्या आधी मोडल्या, नंतर त्या कोणाच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत, तेथे प्राणी आपापल्या सोयीने आले, आणि कायद्याचे संरक्षण सर्वांत शेवटी मिळाले.

या क्रमाच्याही आधीचा एक टप्पा आहे आणि तो वगळण्याची चूक जुन्या शहर-इतिहासांनी वारंवार केली आहे. कुक इनलेटचा वरचा किनारा हा डेनाइना लोकांचा प्रदेश होय. उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागात पसरलेल्या अथाबास्कन भाषाकुळातील ही एक जमात असून, खाऱ्या पाण्याच्या काठी राहून तेथील मासेमारीवर जगण्याची रीत तिने आत्मसात केली होती. उन्हाळ्यात किनाऱ्यावर मासेमारीचे तळ पडत, सॅमन वाळवून आणि धुरावून हिवाळ्यासाठी साठवला जाई, आणि प्रत्येक ओढ्याला, टोकाला व टेकाडाला नाव असे. ही नावे आणि त्यांच्याशी निगडित माहिती शेम पीट या वयोवृद्ध डेनाइना कथकाने सांगितली, भाषाशास्त्रज्ञ जेम्स कारी आणि मानवशास्त्रज्ञ जेम्स फॉल यांनी ती संकलित केली, आणि १९८७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथावरून हे स्पष्ट होते की, पुढे ज्यांना ‘अस्पर्श निसर्ग’ म्हटले गेले ते ओढे पिढ्यान्‌पिढ्या वापरातले होते; फरक इतकाच की, त्या वापराने माशांची वाट अडवली नव्हती.

शहराचा जन्म रेल्वेच्या गरजेतून झाला. १९१४ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने अलास्कात स्वतः लोहमार्ग बांधण्याचे ठरवले, पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सिवर्ड बंदरापासून फेअरबँक्सपर्यंतचा मार्ग निश्चित केला, आणि शिप क्रीक या ओढ्याच्या मुखाशी बांधकामाचा तळ पडताच कामाच्या आशेने आलेल्यांच्या तंबूंची वस्ती तेथे उभी राहिली. १० जुलै १९१५ रोजी ओढ्यालगतच्या उंचवट्यावरील भूखंडांचा लिलाव झाला आणि काटकोनात आखलेले गाव अस्तित्वात आले. या गावाने सर्वांत आधी मोकळी केलेली सार्वजनिक जागा जंगलाच्या प्रेमापोटी नव्हे, तर जंगलाच्या भीतीने निर्माण झाली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. गावाच्या दक्षिण कडेला वणवा घरांपर्यंत पोहोचू नये म्हणून झाडे तोडून एक लांब पट्टा रिकामा करण्यात आला, ज्याला आपल्याकडील वनखात्याच्या भाषेत जाळरेषा म्हणतात. १९२३ मध्ये रहिवाशांनी तो पट्टा साफ करून विमाने उतरवण्यासाठी सज्ज केला, त्याच जमिनीवर गोल्फही खेळला जाऊ लागला, आणि आज डेलानी पार्क स्ट्रिप या नावाने ओळखली जाणारी ही बाग शहराच्या मध्यावर आहे. हिवाळ्यात तेथेही मूस येतो.

रेल्वेने नकळत केलेले सर्वांत मोठे काम मात्र शहराच्या दक्षिण टोकाला दिसते. कुक इनलेटचा जो फाटा टर्नअगेन आर्म या नावाने आग्नेयेकडे डोंगरांत शिरतो, त्याच्या काठाने रूळ नेण्यासाठी १९१७ मध्ये मातीदगडांचा भराव घालण्यात आला. या फाट्यातील भरतीओहोटी जगातील मोठ्या भरतीओहोटींत गणली जाते. पाण्याच्या पातळीत नऊ मीटर किंवा त्याहून अधिक फरक पडतो आणि काही दिवशी भरतीचा पहिला लोंढा पाण्याच्या भिंतीसारखा आत सरकताना दिसतो. भरावापूर्वी हे खारे पाणी किनाऱ्याच्या सखल भागात मोकळेपणी पसरत असे. भराव पडल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या : समुद्राचे पाणी बाहेर अडले, आणि रॅबिट क्रीक, लिट्ल रॅबिट क्रीक यांसारख्या डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचे गोडे पाणी आत तुंबले. अभियंत्यांच्या दृष्टीने ही किरकोळ गैरसोय होती आणि तिच्यावर पाणी जाऊ देण्यापुरता उपाय करून काम पुढे गेले. परंतु तुंबलेल्या पाण्यात लव्हाळे माजले, उथळ डबकी आणि खोल पाण्याचे पट्टे तयार झाले, पाणकीटकांची पैदास वाढली, आणि जेथे खारी चिखलट जमीन होती तेथे काही दशकांतच गोड्या पाण्याची दलदल स्थिरावली. हीच पॉटर मार्श होय. तिचे क्षेत्र सुमारे ५६४ एकर असून, शहरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर पक्षी पाहण्याची याहून चांगली जागा अलास्कात क्वचितच सापडेल.

दलदलीच्या उत्तर टोकाला सुमारे दीड हजार फूट लांबीची, खांबांवर उचललेली लाकडी फळ्यांची वाट आहे. मे महिन्यात तेथे उभे राहिले असता लव्हाळ्यांच्या बुंध्यांत बसलेला कॅनडा हंस, पाण्यावर घिरट्या घालून अचानक सूर मारणारा ध्रुवीय सुरय, गवताच्या टोकांना लागून उडणारा भोवत्या आणि कड्यावरच्या झाडांत घरटे केलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड हे सारे एकाच जागेवरून दिसू शकते. ध्रुवीय सुरय हा पक्षी उत्तरेत वीण करून दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्राकडे जातो, म्हणजे वर्षातून दोन उन्हाळे पाहतो. आणि त्याने घरटे घालण्यासाठी निवडलेली जागा ही रेल्वेच्या भरावाने साठलेली दलदल असावी, यात त्याच्या दृष्टीने काहीच वावगे नाही. उन्हाळा पुढे सरकला की फळ्यांच्या वाटेखालून रॅबिट क्रीकमध्ये सॅमन चढू लागतात. आधी आकाराने सर्वांत मोठे किंग, मग पिंक आणि कोहो या जातीचे. समुद्रातून आलेला मासा भराव आणि त्यालगतचा महामार्ग ओलांडून आपल्या जन्मओढ्यात पोहोचतो, रंग बदलतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याचे कलेवर गरुडाच्या आणि गल पक्ष्याच्या कामी येते. हे सर्व चालू असताना महामार्गापलीकडच्या रॅबिट क्रीक नेमबाजी केंद्रातील बंदुकांचे आवाज ऐकू येत असतात. पक्षी त्यांना सरावलेले आहेत. नव्याने आलेले प्रेक्षक दचकतात.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा घातला गेला, गाळ साचत गेला, पाणथळ तयार झाले, आणि नांदूर मध्यमेश्वर या नावाने ते २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातून सर्वप्रथम नोंदवले गेले. थापट्या आणि तलवार बदक या बदकांच्या जाती दोन्ही ठिकाणी दिसतात. पॉटर मार्शला ती उन्हाळ्यात येतात. नांदूरला हिवाळ्यात येणारे थवे आशियाच्या उत्तरेतून येतात, अलास्कातून नव्हे, एवढा भेद येथे नोंदवणे आवश्यक आहे.

रेल्वेनंतर शहराच्या भूमीवर सर्वांत मोठा हात फिरवला तो लष्कराने. १९४० मध्ये अँकरेजची लोकसंख्या जेमतेम साडेतीन हजार होती. त्याच वर्षी शहराच्या उत्तरेला एलमेंडॉर्फ विमानतळ आणि फोर्ट रिचर्डसन या लष्करी तळाचे बांधकाम सुरू झाले, १९४२ च्या जूनमध्ये जपानने अल्यूशन साखळीतील आट्टू आणि किस्का ही बेटे काबीज केल्यावर त्या कामाला निकड आली, आणि दशकाच्या अखेरीस लोकसंख्या तिपटीहून अधिक झाली. शहराच्या पूर्वेकडील जंगलात, कँपबेल ओढ्याजवळ, मुख्य तळावर हल्ला झाल्यास विमाने विखरून ठेवता यावीत म्हणून एक दुय्यम धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपल्यावर तिचे महत्त्व उरले नाही, परंतु जमीन सरकारकडेच राहिली आणि म्हणूनच तिच्यावर घरे झाली नाहीत. आज हा ७३० एकरांचा कँपबेल ट्रॅक्ट केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याकडे असून, १९९६ पासून तेथे मुलांना निसर्ग शिकवणारे विज्ञान केंद्र चालते. त्याला लागूनच सुमारे चार हजार एकरांचे फार नॉर्थ बायसेंटेनियल पार्क आहे. नगराच्या दुसऱ्या टोकाला, खाडीत घुसलेल्या भूशिरावर, शीतयुद्धाच्या काळात नाईक हर्क्युलिस या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा तळ होता. तो १९७९ मध्ये बंद झाला, ती भूमी किनकेड पार्कमध्ये समाविष्ट झाली, आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या कोठाराचाच आधार घेऊन तेथे स्कीइंग करणाऱ्यांसाठी इमारत उभारण्यात आली.

या ठिकाणी मूसविषयी थोडे विस्ताराने सांगणे क्रमप्राप्त आहे, कारण उत्तरेकडील शहरी वन्यजीवनाचा तो मुख्य नायक आहे आणि त्याच्या शहरातील वावराचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी असून, अलास्कातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सहाशे किलोंच्याही पुढे जाते. तो गवतावर नव्हे, तर मुख्यतः झुडपांच्या आणि लहान झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर जगतो आणि हिवाळ्यात दररोज वीसेक किलो काटक्या व साली खातो. असे खाद्य जुन्या, दाट स्प्रूस वृक्षांच्या जंगलात थोडे असते. जंगल तोडले, जाळले किंवा नांगरले गेल्यावर जी वाळुंज व भूर्ज ही झाडे सर्वांआधी उगवतात, त्यांत ते मुबलक असते. रेल्वेने मार्गालगत केलेली तोड, लष्कराने उघडी केलेली मैदाने, जमीन कसून मालकी मिळवण्याच्या सरकारी योजनेखाली वसाहतकारांनी साफ केलेले आणि पुढे सोडून दिलेले तुकडे, या सर्वांनी मिळून मूससाठी खाद्याचा विस्तीर्ण साठा तयार केला. त्यात हिवाळ्यात डोंगरावर बर्फ छातीपर्यंत साचला की प्राणी खाली उतरतात, बर्फ हटवून मोकळे केलेले रस्ते त्यांना चालण्यास सोपे पडतात, आणि अंगणात हौसेने लावलेली रोवन व रानसफरचंदाची झाडे आयतीच सापडतात. शहराने मूसचे घर हिरावले असे म्हणण्यापेक्षा शहराने मूसला ताट वाढले असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. या पाहुणचाराची किंमतही मोठी आहे : बर्फ हटवलेल्या रुळांवरून चालणारे मूस गाडीसमोरून बाजूच्या खोल बर्फात उतरायला तयार नसतात, आणि १९८९–९० च्या अतिबर्फाच्या हिवाळ्यात रेल्वेखाली शेकडो मूस मारले गेले.

२७ मार्च १९६४ रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांनी, अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याखाली ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे साडेचार मिनिटे जमीन हलत राहिली. अँकरेजच्या पश्चिमेला, खाडीवरच्या कड्यावर टर्नअगेन हाइट्स ही सुखवस्तू वसाहत होती. कड्याखाली हिमयुगातील गाळापासून बनलेल्या चिकणमातीचा थर होता. लांबलेल्या कंपनांमुळे त्या थराची ताकद गेली, वरची जमीन तुकड्यातुकड्यांनी खाडीच्या दिशेने घसरली, आणि अडीच किलोमीटरच्या आसपास लांबीच्या पट्ट्यातील ७५ घरे नष्ट झाली. या घसरलेल्या भूमीचा काही भाग पुढे अर्थक्वेक पार्क म्हणून राखला गेला. तेथे आज भूर्जांच्या दाटीतून वाट जाते, आणि चालणाऱ्याला पायाखालची उंचसखल टेकाडे नैसर्गिक वाटतात. प्रत्यक्षात ती घसरलेल्या जमिनीचे ढिगारे आहेत. टर्नअगेन आर्मच्या आतल्या टोकाला, पोर्टेज येथे, किनारा दोन मीटरहून अधिक खचला आणि भरतीचे खारे पाणी स्प्रूसच्या राईत शिरले. मुळांशी मीठ मुरून वठलेली ती राखाडी खोडे महामार्गावरून दीर्घकाळ दिसत राहिली.

येथवर आलेली कोणतीही जमीन वन्यजीवांसाठी म्हणून राखलेली नव्हती. ती जाणीव कायद्यात उतरली १९७० च्या सुमारास, आणि तिच्यामागे निसर्गप्रेमाइतकीच धास्तीही होती. १९६८ मध्ये उत्तर किनाऱ्यावरील प्रुडो बे येथे तेलाचा प्रचंड साठा सापडल्यावर अँकरेजमध्ये माणसे आणि पैसा यांचा ओघ सुरू झाला, आणि डोंगरउतारांवरील घरबांधणी किती वर चढणार हा प्रश्न रहिवाशांसमोर उभा राहिला. १९७० मध्ये राज्य विधिमंडळाने शहराला लागून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे चुगॅच राज्य उद्यान स्थापन केले. १९७१ मध्ये पॉटर मार्श आणि तिच्या परिसराला शिकारयोग्य पक्ष्यांसाठीच्या आश्रयक्षेत्राचा दर्जा मिळाला. १९८८ मध्ये त्या क्षेत्राचा विस्तार करून पॉइंट वोरोन्झोफपासून पॉटर क्रीकपर्यंतचा सुमारे २६ किलोमीटरचा किनारा त्यात घेतला गेला आणि त्याला अँकरेज किनारी वन्यजीव आश्रयक्षेत्र असे नाव देण्यात आले. आश्रयक्षेत्र या शब्दाने मराठी वाचकाचा गैरसमज होऊ नये. त्यातील ठरावीक भागांत हंगामात पाणपक्ष्यांची शिकार कायदेशीर आहे, आणि अलास्कात शिकारी व संरक्षक ही दोन परस्परविरोधी माणसे मानली जात नाहीत. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो.

वाटांचे जाळे याच दशकांत विणले गेले. चेस्टर क्रीक हा ओढा शहराच्या मध्यातून वाहतो. त्याच्या पूरक्षेत्रातील जमीन बांधकामाला गैरसोयीची होती, आणि ती हरितपट्टा म्हणून मोकळी ठेवून तिच्यातून सायकलींसाठी वाट काढावी, यासाठी १९७० च्या दशकात नागरिकांनी चिकाटीने पाठपुरावा केला. त्यात पुढाकार घेणाऱ्या लेनी फ्लायशर यांचे नाव आज त्या वाटेला आहे. ओढ्याच्या मुखाजवळ बांध घालून केलेले वेस्टचेस्टर लगून हे तळे हिवाळ्यात बर्फावर घसरण्यासाठी वापरले जाते आणि उन्हाळ्यात लालमानेच्या मोठ्या पाणबुड्यांचे विणीचे ठिकाण बनते. पाणबुडीचे घरटे म्हणजे पाणवनस्पतींचा तरंगता ढीग; तो काठापासून इतका जवळ असतो की, अंडी फुटल्यावर पिले आईच्या पाठीवर पिसांत दडून बसतात आणि बाप त्यांना मासळी भरवतो, हे सारे वाटेवरून दुर्बिणीशिवाय पाहता येते. खासगी शेतात किंवा दूरच्या अभयारण्यात ज्यासाठी तासन्‌तास लपून बसावे लागेल, ते येथे बाबागाडी ढकलत जाणाऱ्यांना दिसते. आणि प्राण्यांना माणसाची सवय होणे हे नेहमी वाईटच असते, या सरसकट मताला हे तळे एक चांगला अपवाद आहे.

१९७७ मध्ये प्रुडो बेच्या तेलाची वाहिनी सुरू झाली आणि १९८० च्या दशकात तेलाच्या महसुलातून शहराने ग्रंथालय, क्रीडागृह, नाट्यगृह अशी कामे काढली. त्याच लाटेवर, टोनी नोल्स महापौर असताना, शहराच्या मध्यापासून किनाऱ्याने किनकेड पार्कपर्यंत जाणारी सुमारे अठरा किलोमीटरची डांबरी वाट बांधली गेली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हीच वाट अर्थक्वेक पार्कच्या ढिगाऱ्यांतून आणि विमानतळाच्या धावपट्टीखालच्या कड्यावरून जाते, आणि शेवटी जुन्या क्षेपणास्त्रतळाशी पोहोचते. शहराचा इतिहास क्रमाने वाचायचा असेल तर याहून सोयीची वाट नाही. ओहोटीला तिच्या कडेने मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. हिमनद्यांनी दळलेल्या बारीक पिठाचा तो गाळ वरून घट्ट दिसतो, पण पाऊल रुतले की पाणी निघून गाळ घट्ट आवळतो, आणि भरती वेगाने येते. म्हणून त्यावर न उतरण्याच्या सूचना जागोजागी लावलेल्या आहेत.

शहर आणि वन्यजीव यांचा मेळ हा निव्वळ आनंदाचा विषय आहे, या समजाला १९९५ या एका वर्षाने तीन धक्के दिले. जानेवारीत शहरातील विद्यापीठाच्या आवारात, विद्यार्थ्यांनी आधी डिवचलेल्या मूसने एका वृद्ध गृहस्थांना तुडवून ठार केले. जुलैच्या पहिल्या दिवशी शहरालगतच्या मॅकह्यू क्रीक वाटेवर तपकिरी अस्वलाने दोन पदयात्रींचा जीव घेतला. २२ सप्टेंबरला एलमेंडॉर्फ तळावरून उडालेले हवाई दलाचे टेहळणी विमान कॅनडा हंसांच्या थव्यावर आदळून कोसळले आणि त्यातील २४ जण मृत्युमुखी पडले. तिन्ही घटनांची कारणे वेगळी होती, परंतु हंसांची घटना सर्वांत बोधक आहे. हंसांना आखूड कापलेले, खतावलेले, मोकळे गवत आवडते, कारण ते पचायला सोपे असते आणि तेथे शत्रू दुरून दिसतो. बागा, क्रीडांगणे, गोल्फची मैदाने आणि धावपट्ट्यांच्या कडा या सर्वांतून शहराने नेमके तेच पुरवले होते. अपघातानंतर हंसांना हाकलणे, अंडी उचलणे असे उपाय योजले गेले. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने इतर संस्थांना सोबत घेऊन नागरिकांची पाहणी केली आणि २००० मध्ये शहरातील वन्यजीवांसोबत राहण्याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्या पाहणीत बहुसंख्य रहिवाशांनी मूसशी होणाऱ्या भेटीगाठी शहरातील जगणे रंजक करतात असेच मत दिले, हेही नोंदवले पाहिजे.

अस्वलांचा प्रश्न मात्र त्या आराखड्याने सुटला नाही. कँपबेल ओढ्याच्या दक्षिण फाट्यात सॅमन चढतात आणि त्यांच्यामागे तपकिरी अस्वले येतात, ही गोष्ट खात्याला पूर्वीपासून ज्ञात होती. २००० नंतरच्या दशकात अस्वलांच्या गळ्यात उपग्रहपट्टे बांधून केलेल्या अभ्यासाने त्यांचा शहरी बागेतील वावर अंदाजापेक्षा अधिक असल्याचे दाखवले. ओढ्याला बिलगून जाणारी रोव्हर्स रन ही वाट सायकलस्वारांची आवडती होती. २००८ च्या जूनमध्ये रात्रभर चालणाऱ्या सायकल शर्यतीत एक अल्पवयीन मुलगी तेथे अस्वलाच्या हल्ल्यात गंभीर जखमी झाली, ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर दुसऱ्या स्त्रीवर हल्ला झाला, आणि पुढील काही उन्हाळ्यांत पालिकेने वाट बंद केली. वास्तविक दोष अस्वलाचा नव्हता, तसा सायकलस्वाराचाही नव्हता. माशांच्या ओढ्यालगत झुडपांच्या दाटीतून, वेगाने आणि आवाज न करता जाता येईल अशी वाट मुळात असू देणे, हाच चुकीचा निर्णय होता.

अँकरेजचे उदाहरण एकाकी नाही. उत्तरेला सुमारे ५८० किलोमीटरवर असलेल्या फेअरबँक्स शहरात सोन्याच्या खाणकामगारांना दूध पुरवण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झालेली एक दूधशाळा होती. १९२८ मध्ये ती चार्ल्स क्रीमर यांनी विकत घेतली. तिच्या कुरणांवर वसंतात बर्फ लवकर वितळे, म्हणून उत्तरेकडे जाणारे हंस आणि बदके तेथे उतरत, आणि ते दृश्य शहरवासीयांच्या अंगवळणी पडले. १९६६ मध्ये दूधशाळा बंद झाल्यावर जमीन विकली जाण्याची चिन्हे दिसताच नागरिकांनी वर्गणी गोळा केली, राज्याने जमीन घेतली, आणि १९७९ मध्ये क्रीमर्स फील्ड हे स्थलांतरित पाणपक्ष्यांचे आश्रयक्षेत्र विधिवत घोषित झाले. आजही तेथे कुरणे मशागत करून मोकळी ठेवावी लागतात, कारण ती सोडून दिली तर जंगल वाढेल आणि ऑगस्टमध्ये शेकड्यांनी जमणारे सँडहिल क्रौंच उतरणार नाहीत. येथे निसर्ग राखणे याचा अर्थ शेती चालू ठेवणे असा होतो.

अँकरेजच्या किनाऱ्यावरील एका प्राण्याला मात्र या टाकून दिलेल्या जमिनींचा काही उपयोग झालेला नाही. कुक इनलेटमधील बेलुगा, म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर पांढरा शुभ्र होणारा लहान देवमासा, १९७९ च्या सुमारास तेराशेच्या आसपास होता. १९९० च्या दशकातील अनिर्बंध शिकारीने त्याची संख्या घटली, शिकार थांबल्यावरही ती सावरली नाही, २००८ मध्ये तो संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला, आणि अलीकडच्या गणनांत तो सुमारे तीनशेच आढळतो. सॅमनच्या मागे आलेले त्याचे कळप उन्हाळ्याच्या उत्तरार्धात किनारी वाटेवरून दिसू शकतात.

या किनारी वाटेचा पुढचा टप्पा, किनकेडपासून पॉटर मार्शपर्यंत, शतकाच्या वळणावर प्रस्तावित झाला. तो झाला असता तर शहराच्या मध्यापासून दक्षिण टोकापर्यंत अखंड किनारी मार्ग तयार झाला असता आणि सायकलस्वारांना तो हवाच होता. किनाऱ्यावरील घरमालकांनी आपल्या एकांतासाठी विरोध केला, आणि त्यांच्या हेतूंवर टीका होणे स्वाभाविक होते. परंतु वन्यजीवांचे जाणकार आणि शिकारीही विरोधात उभे राहिले, कारण आश्रयक्षेत्रातील चिखलपट्ट्यांवर उतरणाऱ्या थव्यांना सततच्या वर्दळीचा उपद्रव होईल अशी त्यांची रास्त शंका होती. वर्षानुवर्षे चर्चा, आराखडे आणि हरकती झाल्यानंतर तो प्रस्ताव मागे पडला. शहराच्या वाटांच्या इतिहासात जाणूनबुजून न बांधलेली अशी ही सर्वांत महत्त्वाची वाट होय, आणि तो निर्णय योग्यच होता. डांबरी वाट आजही किनकेड पार्कलाच संपते.